दिवस गेले, पण किती?

"दिवस गेलेत" असं आपण सहज म्हणतो, पण नेमके किती गेले हे मोजायला बसलं की पहिल्याच पायरीवर गोंधळ होतो. सोनोग्राफीच्या कागदावर 'पाच आठवडे दोन दिवस' लिहिलेलं असतं आणि घरचा हिशेब वेगळंच सांगत असतो. चूक कुणाचीच नसते. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण ती तारीख आठवते. फलन मात्र त्यानंतर साधारण चौदा दिवसांनी होतं. म्हणजे कागदावर पाच आठवडे दोन दिवस असतील तेव्हा पोटातला जीव तीन आठवडे दोन दिवसांचाच असतो. हेसुद्धा पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर. पस्तीस दिवसांच्या चक्रात स्त्रीबीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं आणि हिशेब आणखी एका आठवड्याने मागे जातो.

या लेखात दिवस मोजले आहेत ते फलनापासून. पाळीपासूनचे आठवडे जिथे येतील तिथे 'कागदावर' असं म्हटलं आहे. हा भेद इतका आग्रहाने सांगायचं कारण असं की कोणत्या दिवशी कोणता अवयव घडतो, आणि म्हणून कोणत्या दिवशी कशाने नुकसान होतं, हे सगळं फलनापासूनच्या दिवसांवर ठरतं. दोन आठवड्यांची चूक झाली तर चुकीच्या गोष्टीची भीती वाटते आणि खऱ्या गोष्टीची वेळ निघून जाते.

स्त्रीबीज साधारण ०.१ मिलिमीटरचं असतं, साध्या डोळ्यांना जेमतेम दिसेल असा ठिपका. सुटल्यावर ते बारा ते चोवीस तास टिकतं. शुक्रजंतू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतात. फलन गर्भाशयात होत नाही. ते बीजवाहिनीच्या अंडाशयाजवळच्या रुंद भागात होतं. एक शुक्रजंतू आत शिरला की बीजात कॅल्शियमची लाट उठते, काठावरच्या कणिका आपला माल बाहेर सोडतात आणि बीजाभोवतीचं कवच, झोना, दुसऱ्यासाठी बंद होतं. ही व्यवस्था फसली आणि दोन शुक्रजंतू आत गेले, तर ४६ ऐवजी ६९ गुणसूत्रं होतात. असा गर्भ जवळजवळ कधीच टिकत नाही; काही वेळा त्यातून अर्धवट द्राक्षगर्भ (वारेचा भाग द्राक्षांच्या घडासारखा फुगलेला) तयार होतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बीजातल्या गुणसूत्रांची अर्धी-अर्धी वाटणी दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा त्या स्त्रीच्या स्वतःच्या जन्माआधीच सुरू होऊन थांबलेला असतो आणि बीज सुटण्याच्या काही तास आधी पूर्ण होतो. दुसरा टप्पा तर शुक्रजंतू शिरल्यावरच संपतो. म्हणजे अडतीस वर्षांच्या स्त्रीच्या बीजात गुणसूत्रांच्या जोड्या अडतीस वर्षांहून अधिक काळ एकमेकींना धरून बसलेल्या असतात. त्यांना बांधून ठेवणारी प्रथिनं वयाबरोबर झिजतात, आणि वाटणीच्या वेळी एखादं गुणसूत्र जास्त किंवा कमी जातं. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांमागे हेच कारण असतं. अशा गर्भपातांत सोळाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत सगळ्यांत जास्त वेळा सापडते. सगळ्या पेशींत ती असलेलं मूल जन्माला येतच नाही. तरीही गर्भ राहिला नाही की घरात शोध सुरू होतो: पपई खाल्ली का, जिने चढली का, स्कूटरवरून खड्ड्यांतून ऑफिसला गेली का. आठव्या आठवड्यात पडलेल्या गर्भाचा निकाल बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी लागून गेलेला असतो. बाईला त्यासाठी बोल लावणं हा सरळ अन्याय आहे.

पहिलं विभाजन पहिल्या दिवसाच्या अखेरीस किंवा त्यानंतर काही तासांत होतं. दुसऱ्या दिवशी चार पेशी, तिसऱ्या दिवशी आठ. पेशी वाढतात, पण एकूण आकार वाढत नाही, तोच ०.१ मिलिमीटरचा गोळा आतून लहान लहान तुकड्यांत वाटला जातो. या काळात काम चालतं ते आईने बीजात साठवून ठेवलेल्या शिदोरीवर. भ्रूणाची स्वतःची जनुकं खऱ्या अर्थाने जागी होतात ती चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर. म्हणूनच टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात तिसऱ्या दिवशी देखणे दिसणारे कितीतरी भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत पोचत नाहीत. शिदोरी संपते आणि स्वतःचा कारभार चालू होत नाही.

चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना घट्ट बिलगतात आणि तुतीच्या फळासारखा गोळा दिसतो, तो मॉर्युला. बाहेरच्या पेशी सोडियम आत ढकलू लागतात, त्याच्या मागे पाणी येतं, आणि पाचव्या दिवशी मधे पोकळी असलेला ब्लास्टोसिस्ट तयार होतो. मनुष्यदेहातली पहिली कामाची वाटणी हीच. बाहेरच्या पेशी वार बनवणार, आतल्या एका बाजूला गोळा झालेल्या पेशी बाळ बनवणार. आतल्या पेशी संख्येने थोड्या असतात. सुरुवातीची बरीचशी मेहनत बाळावर नव्हे, वारेवर खर्च होते.

पुण्यात आज आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीची, केंद्रं जागोजागी आहेत, म्हणून प्रयोगशाळेतल्या पाच दिवसांबद्दल थोडं सविस्तर. तिथे तापमान ३७ अंश, ऑक्सिजन हवेतल्या एकवीस टक्क्यांऐवजी पाच टक्के (बीजवाहिनीतही तो कमीच असतो), आणि भ्रूण ज्यात ठेवतात त्या द्रवाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) साधारण ७.२ ते ७.४ राहील इतका कार्बन डायऑक्साइड ठेवतात. किती कार्बन डायऑक्साइड लागतो, याचा संबंध पुण्याच्या उंचीशी आहे. पीएच ठरतो तो कार्बन डायऑक्साइडच्या टक्क्यावर नव्हे, त्याच्या दाबावर. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी. मुंबईत इन्क्युबेटरवर ६ टक्के लावून जो पीएच मिळतो, तोच इथे मिळवायला सुमारे ६.४ टक्के लावावे लागतात. दुसरीकडच्या नोंदी तशाच्या तशा उतरवल्या तर द्रव अल्कलीकडे झुकतो आणि भ्रूण मंदावतात. म्हणून टक्क्यावर विश्वास न ठेवता पीएच प्रत्यक्ष मोजायचा असतो. दुसरा शत्रू म्हणजे हवेतले वास: ताजा रंग, फिनेल, अत्तर, नवीन फर्निचरचा डिंक. ही रसायनं द्रवावरच्या तेलाच्या थरात विरघळून भ्रूणापर्यंत पोचतात. चांगल्या प्रयोगशाळेत शिरताना अत्तर लावू नका असं सांगतात, ते यासाठी.

रिपोर्टवर '४ एबी' असं काही लिहिलेलं असतं. आकडा पोकळी किती फुगली आहे आणि कवचातून बाहेर पडायला सुरुवात झाली आहे का ते सांगतो. पहिलं अक्षर बाळाच्या पेशींसाठी, दुसरं वारेच्या पेशींसाठी. हे सगळं दिसण्याचं वर्णन आहे. 'ए' मिळालेल्या भ्रूणाची गुणसूत्रं चुकीची असू शकतात आणि 'बी' असलेल्यातून निरोगी मूल होतं. तेव्हा या अक्षरांवरून रात्रभर जागू नये.

सहाव्या-सातव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट कवच फोडून बाहेर येतो आणि गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो. बाहेरच्या पेशींचा एक थर एकमेकांत मिसळून भिंती नसलेला एकसंध पदार्थ बनतो आणि अस्तर पोखरत आत शिरतो. बाराव्या दिवसापर्यंत भ्रूण पूर्ण गाडला गेलेला असतो, वरची जखम भरत आलेली असते, आणि आईचं रक्त त्या थरातल्या पोकळ्यांत झिरपू लागतं. हाच थर एचसीजी तयार करतो. हे संप्रेरक अंडाशयाला 'पाळी येऊ देऊ नकोस' असं सांगतं. रक्तात ते आठव्या ते दहाव्या दिवसापासून सापडतं, लघवीत त्यानंतर.

घरी करायच्या चाचणीत बहुतेक चुका इथेच होतात. पाळी चुकायच्या चार दिवस आधी केलेली चाचणी 'नाही' म्हणाली तर तिला काही अर्थ नाही. कदाचित भ्रूण आदल्या दिवशीच रुजला असेल. पाळीची तारीख उलटल्यावर, सकाळच्या पहिल्या लघवीवर करावी. पट्टी पाकिटावर दिलेल्या वेळेत, बहुधा पाच मिनिटांत, वाचावी. अर्ध्या तासाने उमटलेली फिकट रेघ सुकल्यामुळेही दिसते. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे पाळीच्या सुमारासच काही जणींना थोडा रक्तस्राव होतो. तो 'यावेळी पाळी कमी गेली' म्हणून धरला तर गर्भाचं वय महिन्याने चुकतं. पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी महत्त्वाची आहे ती यासाठीही.

भ्रूण बीजवाहिनीतच रुजला तर तो नळीतला गर्भ. वाहिनीला पूर्वी जंतुसंसर्ग झालेला असेल, शस्त्रक्रिया झालेली असेल, धूम्रपान असेल तर धोका वाढतो. चाचणी 'हो' म्हणते, पाळीही चुकलेली असते, सगळं नेहमीसारखं वाटतं. मग एका बाजूला ओटीपोटात दुखू लागतं, थोडं रक्त जातं. निरोगी गर्भात सुरुवातीला बीटा एचसीजी ४८ तासांत निदान दीडपटीच्या आसपास वाढतो. इथे तो बहुधा रेंगाळतो. आकडा ३५०० च्या वर गेला आणि तरी आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयाची पिशवी रिकामी दिसली, तर नळीतला गर्भ नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच धरायचं. चक्कर, घाम आणि खांद्याच्या टोकाला दुखणं ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहायची नाही. खांद्याचा पोटाशी काय संबंध, असं वाटून लोक ते सोडून देतात. नळी फुटून पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला डिवचतं, आणि त्या पटलाची नस मानेतून येत असल्यामुळे दुखणं खांद्यात जाणवतं.

जुळ्यांचंही याच दिवसांत ठरतं. एकाच बीजातून होणारी जुळी पहिल्या तीन दिवसांत वेगळी झाली तर दोघांच्या वारा आणि पिशव्या वेगळ्या. चौथ्या ते आठव्या दिवसांत झाली तर वार एक, पिशव्या दोन. आठव्यानंतर बाराव्यापर्यंत झाली तर वारही एक, पिशवीही एक, आणि नाळा एकमेकींत गुंतायची भीती. तेराव्या दिवसानंतर विभागणी अर्धवटच होते आणि मुलं जोडलेली राहतात. जुळी म्हटल्यावर घरी आधी चेहरा सारखा असेल का हे विचारतात. डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न 'वार एक आहे की दोन' हा आहे. वार एक असेल तर एकाचं रक्त दुसऱ्याकडे जाण्याचा धोका असतो आणि तपासण्या दर दोन आठवड्यांनी लागतात. हे कागदावरच्या चौदा आठवड्यांच्या आत सोनोग्राफीत स्पष्ट दिसतं; नंतर कळणं अवघड होत जातं.

दुसरा आठवडा संपताना बाळ म्हणजे दोन थरांची एक चपटी चकती असते. पंधराव्या दिवसाच्या सुमारास तिच्या एका टोकाकडे एक रेघ उमटते, प्रिमिटिव्ह स्ट्रीक. आपण तिला आद्यरेषा म्हणू. ही रेघ उमटली की डोकं कुठे आणि पाय कुठे, डावं कुठलं आणि उजवं कुठलं, हे ठरतं. वरच्या थरातल्या पेशी या रेघेतून आत बुडी मारतात आणि दोनाचे तीन थर होतात. बाहेरच्यातून त्वचा, मेंदू, मज्जातंतू. मधल्यातून हाडं, स्नायू, हृदय, मूत्रपिंडं, रक्त. आतल्यातून आतड्यांचं आणि फुप्फुसांचं अस्तर, यकृत, स्वादुपिंड. रेघेच्या टोकाशी असलेल्या खळग्यातल्या पेशींवर बारीक केस असतात, ते फिरून द्रव डावीकडे ढकलतात, आणि त्या प्रवाहावरून हृदय डावीकडे वळवायचं हे कळतं. हे केस जन्मतः हलत नसतील तर अवयवांची बाजू नाणेफेकीसारखी ठरते. अशा साधारण निम्म्या लोकांचं हृदय उजवीकडे असतं. आणि केस न हलणाऱ्या सगळ्यांनाच सतत सर्दी-खोकलाही असतो, कारण श्वासनलिकेतले केसही त्याच जातीचे.

मानवी भ्रूणावर प्रयोगशाळेत चौदा दिवसांपलीकडे काम करू नये हा दंडक या रेघेवरूनच आला. ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने १९८४ मध्ये तो सुचवला आणि भारतातल्या मार्गदर्शक तत्त्वांनीही तो स्वीकारला. रेघेआधी एका भ्रूणाचे दोन होऊ शकतात, रेघेनंतर नाही. तेव्हा 'हा एक' असं म्हणता येण्याची ही जागा, असा त्यामागचा विचार.

माणसाचा या वयातला भ्रूण कुणी सहज पाहू शकत नाही. पण पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेल्या माणसाने त्याच्या जवळचं काहीतरी पाहिलेलं असतं: कोंबडीच्या भ्रूणाची ३३ तासांची स्लाइड. पुणे विद्यापीठात प्रा. लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणावरच्या अभ्यासाची परंपरा रुजवली, ती अनेक विद्यार्थ्यांनी पुढे नेली. त्या स्लाइडमध्ये मधोमध एक नळी, तिच्या दोन्ही बाजूंना विटांसारख्या जोड्या, वर फुगत चाललेला मेंदू आणि उजवीकडे झुकलेलं हृदय दिसतं. ३३ तासांची कोंबडी आणि २२-२३ दिवसांचा माणूस इतके सारखे दिसतात की अभ्यासाला ती स्लाइड पुरते. त्या विटा म्हणजे सोमाइट. त्यांतून मणके, फासळ्या आणि पाठीचे स्नायू होतात. विसाव्या दिवसापासून दिवसाला साधारण तीन जोड्या या गतीने त्या मांडल्या जातात, आणि मोजल्या की भ्रूणाचं वय कळतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग. मेंदू आणि मज्जारज्जू सुरुवातीला नळी नसतात, पाठीवरचा एक सपाट पट्टा असतात. अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी पट्ट्याच्या कडा वर उचलल्या जातात. बाविसाव्या दिवशी मानेच्या जागी त्या एकमेकींना चिकटतात, आणि तिथून चेन लावावी तशी नळी वर आणि खाली बंद होत जाते. वरचं तोंड पंचविसाव्या दिवशी मिटतं, खालचं अठ्ठाविसाव्या दिवशी. वरचं उघडं राहिलं तर कवटी आणि मेंदू घडत नाहीत आणि बाळ जगत नाही. खालचं उघडं राहिलं तर स्पायना बायफिडा: मणक्यांना फट, पायांत ताकद कमी, लघवी-शौचावर ताबा नाही, अनेकदा डोक्यात पाणी.

अठ्ठाविसावा दिवस म्हणजे कागदावर सहा आठवडे. पाळी चुकून जेमतेम चौदा दिवस झालेले असतात. पहिला आठवडा 'येईल दोन दिवसांत' यात जातो. मग चाचणी, मग अपॉइंटमेंट, आणि फोलिक ॲसिडची पहिली गोळी हातात पडते तेव्हा नळी मिटलेली असते किंवा उघडी राहिलेली असते. आपल्याकडे तीन महिने कुणाला सांगायचं नाही अशी रीत आहे, गर्भसंस्काराचे वर्ग बहुधा त्यानंतर सुरू होतात, आणि सगळी काळजी, कौतुक, डोहाळे तिथून पुढे. त्या कौतुकाबद्दल तक्रार नाही. पण कागदावरच्या दहा आठवड्यांपर्यंत सगळ्या अवयवांची पायाभरणी होऊन गेलेली असते. ज्या काळजीने खरा फरक पडतो ती पाळी चुकण्याच्या आधीची.

म्हणून फोलिक ॲसिड मूल हवं असं ठरवल्या दिवसापासून. रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भधारणेच्या निदान एक महिना आधी, खरं तर दोन-तीन महिने आधी, कारण तांबड्या पेशींमधला साठा भरायला तेवढा वेळ लागतो. आणि कागदावरच्या बारा आठवड्यांपर्यंत चालू. आधीच्या बाळात असा दोष असेल, किंवा मधुमेह असेल, किंवा फेफऱ्याची काही औषधं चालू असतील तर मोठा डोस, ४ ते ५ मिलिग्रॅम, डॉक्टरांच्या सल्ल्याने. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत ४ मिलिग्रॅमने पुन्हा दोष होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. घटलं, शून्य झालं नाही. गोळी घेऊनही दोष झालेल्या आईने स्वतःला दोष देऊ नये. मेथी, पालक, हरभरा यांत फोलेट असतं, पण ते पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नष्ट होतं. पालक उकडून पाणी फेकून दिलं की बरंचसं त्याबरोबर गेलं. गोळीला भाजी पर्याय नाही.

मेडिकलच्या दुकानात 'फोलिक द्या' म्हटलं की बहुधा ५ मिलिग्रॅमची छोटी पिवळी गोळी मिळते. ती ४०० मायक्रोग्रॅमच्या साडेबारा पट आहे. एरवी कुणी फार चिंता केली नसती, पण पुण्याने यात एक मोलाची भर घातली आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यात दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं, आणि तांबड्या पेशींत फोलेट कमी असलेली फक्त एक. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. बी-१२ शाकाहारात जवळजवळ दूध-दह्यातूनच मिळतं, आणि ते कमी असेल तर फोलेट पेशीत अडकून पडतं. तेव्हा मूल ठरवताना फोलिक ॲसिडबरोबर बी-१२ तपासून घ्यावं, आणि धोका नसताना ५ मिलिग्रॅमची गोळी महिनोन् महिने घेऊ नये. माझ्या मते ही दोन वाक्यं प्रत्येक नवविवाहित जोडप्याला सांगायला हवीत.

हृदय बाविसाव्या दिवसाच्या सुमारास आकसू लागतं. तेव्हा ती एक साधी नळी असते, आणि तिची जागाही छातीत नसते. ती मेंदूच्या पुढच्या टोकाला असते. चौथ्या आठवड्यात चकती डोक्याकडून, शेपटाकडून आणि दोन्ही बाजूंनी आत दुमडते, तेव्हा हृदय खाली छातीत येतं. सत्ताविसाव्या ते सदतिसाव्या दिवसांत आतले मुख्य पडदे तयार होतात. मधुमेह ताब्यात नसेल तर या काळातल्या जास्त साखरेने हृदय आणि मज्जारज्जू दोन्ही बिघडतात. म्हणून एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा) गर्भधारणेआधीच ६.५ टक्क्यांच्या खाली आणायचा. तिसऱ्या महिन्यात आणून हे नुकसान भरून निघत नाही.

"हार्टबीट आले का?" हा या दिवसांतला सगळ्यांत जड प्रश्न. आतून केलेल्या सोनोग्राफीत कागदावरच्या पाच आठवड्यांना पिशवी दिसते, साडेपाचला यॉक सॅक (भ्रूणाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी), सहाच्या सुमारास लुकलुकणारा ठोका, मिनिटाला शंभर-एकशेदहाच्या आसपास. नवव्यात तो १७० पर्यंत चढतो. गर्भाच्या लांबीच्या मिलिमीटरमध्ये ४२ मिळवले की कागदावरचे दिवस येतात: ८ मिलिमीटर म्हणजे पन्नास दिवस, सात आठवडे एक दिवस. ठोका दिसला नाही म्हणून लगेच आशा सोडायची नसते. गर्भ ७ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असून ठोका नसेल, किंवा पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर होऊनही आत गर्भ नसेल, तरच एका तपासणीवर निदान पक्कं करतात. त्याच्या आतले आकडे असतील तर साधारण आठवडाभर ते चौदा दिवस थांबून पुन्हा बघायचं. स्त्रीबीज उशिरा सुटलेलं असतं आणि आठवड्याने ठोका दिसतो, असं पुष्कळदा घडतं. तेव्हा पहिल्याच दिवशी पिशवी साफ करायला सांगितलं तर आकडे विचारावेत. तो रुग्णाचा हक्क आहे.

औषधांची भीतीही दिवसांवरूनच जोखावी. पहिल्या दोन आठवड्यांत नुकसान झालं तर भ्रूण बहुधा टिकतच नाही, आणि टिकला तर पेशी भर काढतात, कारण तेव्हा कुठलीच पेशी अजून कशालाही बांधलेली नसते. न कळता घेतलेली डोकेदुखीची गोळी किंवा छातीचा एक्स-रे यावरून गर्भपाताचा विचार करण्याचं कारण नाही. तिसऱ्या ते आठव्या आठवड्याचा काळ खरा नाजूक. गरोदरपणातल्या मळमळीवर दिल्या गेलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने तो कायमचा दाखवून दिला. विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांतच ते घातक होतं. यातल्या सुरुवातीच्या दिवसांत घेतलं तर कान बिघडतात, नंतर घेतलं तर हात, आणखी नंतर पाय. आज आपल्याकडे काळजी करावी अशी औषधं म्हणजे मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, फेफऱ्यासाठीचं व्हॅल्प्रोएट, संधिवात-कर्करोगासाठीचं मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन. आयसोट्रेटिनॉइन गर्भ राहण्याच्या निदान एक महिना आधी बंद हवं. व्हॅल्प्रोएट मात्र मनाने बंद करू नये, झटका आईला आणि बाळाला दोघांना घातक ठरतो. डॉक्टर आधीपासून दुसऱ्या औषधावर नेतात.

उरलेले आठवडे भराभर. हातांचे कोंब सव्विसाव्या दिवशी, पायांचे दोन दिवसांनी. हाताचं आधी आकाराला येतं वल्ह्यासारखं पान. मग त्यात बोटांच्या रेघा, आणि मग बोटांमधल्या पेशी ठरवून मरतात तेव्हा बोटं सुटी होतात. त्या मेल्या नाहीत तर बोटं जोडलेली राहतात. वरचा ओठ सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो, टाळू त्यानंतर बाराव्यापर्यंत. म्हणून ओठ दुभंगलेला पण टाळू नीट, किंवा उलटं, असं होऊ शकतं. सातव्या आठवड्यापर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या आतल्या ग्रंथीही सारख्याच असतात. प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात गर्भलिंग निदान होत नसल्याची पाटी असते; त्या १९९४ च्या कायद्यातच छप्पन्न दिवसांपर्यंत भ्रूण आणि सत्तावन्नाव्या दिवसापासून गर्भ अशी व्याख्या आहे. छप्पन्नाव्या दिवशी लांबी साधारण ३० मिलिमीटर.

आणि आतडं. सहाव्या-सातव्या आठवड्यात आतडं इतक्या वेगाने लांब होतं आणि यकृत इतकी जागा अडवतं की पोटात ते मावत नाही. मग ते नाळेत शिरतं, तिथेच पाव वळण घेतं, आणि दहाव्या आठवड्यात परत येताना आणखी अर्धं. त्यामुळे कागदावरच्या नऊ-दहा आठवड्यांच्या सोनोग्राफीत नाळेच्या मुळाशी फुगवटा दिसला तर तो दोष नव्हे. कागदावरच्या बाराव्या आठवड्यानंतरही राहिला, किंवा त्यात यकृत दिसलं, तर तपास करायचा. वळण अपुरं राहिलं तर पोटात काहीच दिसत नाही, बाळ गुटगुटीत जन्मतं, दूध पितं. मग अचानक हिरवी उलटी होते. नवजात बाळाची हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ पडून रक्तपुरवठा तुटतो आहे असं धरून त्याच तासाला बालशल्यचिकित्सकाकडे न्यायचं.